एकटा स्ट्रायकर आणि दोन सेकंदांचा हिशेब

फुटबॉल बघायला मैदानाच्या कडेला जमलेल्या माणसांचा राग बहुधा दोघांवरच निघतो. गोल खाणारा गोलरक्षक आणि गोल न करणारा पुढचा खेळाडू. गोलरक्षकाची निदान चूक तरी दिसते. पुढचा मात्र चूक करण्याइतकाही चेंडूजवळ येत नाही. बाकीचे मागे जीव तोडून धावत असतात आणि हा प्रतिस्पर्ध्यांच्या दोन दांडग्या बचावपटूंमध्ये कमरेवर हात ठेवून उभा. ‘नुसता उभाय बघ,’ असा शेरा येतो. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी दुसरा येतो आणि त्याचीही तीच गत होते.

तो आळशी की कमनशिबी, यावर वाद घालण्यात फार अर्थ नाही. आघाडीला एकट्याने खेळणाऱ्या स्ट्रायकरच्या अडचणीचा मोठा भाग शरीरशास्त्राने आणि सातवी-आठवीच्या गणिताने उलगडतो. तो उलगडला नाही, तर नुकसान हुकलेल्या गोलांपुरते राहत नाही. मुलांच्या मांड्या, गुडघे आणि डोकी यांच्यावरही ते निघते.

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचा १७ वर्षांखालील मुलांचा संघ अमेरिकेविरुद्ध उतरला. फिफाच्या विश्वचषकात भारतीय संघ खेळण्याची ती पहिलीच वेळ. प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस होते आणि आघाडीला एकटा होता तो कोल्हापूरचा अनिकेत जाधव. ज्या शहरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा कुस्तीच्या तालमींची नावे फुटबॉल संघांना आहेत आणि शाहू स्टेडियम भरवायला जाहिरात लागत नाही, तिथला हा मुलगा. समोरचा संघ अंगापिंडाने आणि अनुभवाने सरस होता, त्यामुळे बचावात माणसे जास्त हवीत हा मातोस यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. सामना ०-३ असा गेला.

तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध भारताने या स्पर्धेतला आपला एकमेव गोल केला. तो स्ट्रायकरचा नव्हता. संजीव स्टॅलिनने ८२व्या मिनिटाला कॉर्नर घेतला आणि मधल्या फळीतल्या जिक्सन सिंगने हेडर मारून चेंडू जाळ्यात घातला. कॉर्नर म्हणजे असा क्षण, की जेव्हा बचावात्मक खेळणारा संघही पाच-सहा माणसे एकदम गोलसमोर पाठवतो. एरवी एकटा असलेल्याला तेवढ्यापुरती सोबत मिळते. (पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला, ती हळहळ वेगळी.)

सोबतीचे मोल किती, हे पाहायला आपल्याच फुटबॉलमध्ये आणखी मागे जाता येते. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यातले पहिले तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे डिसूझा हे ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट-ट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. डिसूझांची गुणवत्ता निर्विवाद होती. पण ते आघाडीला एकटे नव्हते. तो काळ लांबलचक आघाडीच्या फळीचा होता. त्याच चमूत पी. के. बॅनर्जी, बद्रू बॅनर्जी, किट्टू, बलराम अशी माणसे होती. एकावर लक्ष ठेवावे तर दुसरा सुटायचा.

मग ही फळी आटली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास २-३-५ अशी रचना असे. दोन बचावाला, तीन मध्ये, पाच पुढे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम सैल झाला. आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालेल, असे ठरले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५च्या हंगामात ११९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामात १७०३. संघ हादरले. अर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक माणूस बचावात ओढला, आणि तिथून पुढे जवळजवळ शतकभर पुढच्या फळीतून एकेक जण मागे जात राहिला. पाचाचे चार झाले, चाराचे दोन आणि शेवटी एक. मधली फळी ज्याच्या हातात, सामना त्याच्या हातात, हे एकदा सगळ्यांना पटल्यावर पुढे दोघांची चैन बहुतेकांना परवडेनाशी झाली.

आता ४-५-१, ४-२-३-१, ४-३-३ हे आकडे दूरचित्रवाणीवर सामन्याआधी दाखवतात. त्यावर फार विसंबू नये. ती सात-बाऱ्यावरची नोंद असते. प्रत्यक्ष वहिवाट वेगळीच निघते. कागदावर तिन्हीत पुढे एकच माणूस आहे. फरक पडतो तो त्याच्यापासून सर्वांत जवळचा सोबती किती मीटरवर आहे याने.

इथे गणित करून पाहू. मागून उंच मारलेला चाळीसेक मीटरचा चेंडू साधारण दोन ते अडीच सेकंद हवेत असतो. स्ट्रायकर गोलकडे पाठ करून तो छातीवर किंवा पायावर घेतो. एक बचावपटू पाठीला चिकटलेलाच असतो. दुसरा दहा मीटरच्या आत असतो आणि त्याला पोहोचायला जेमतेम दोन सेकंद लागतात. म्हणजे चेंडू सांभाळून द्यायला स्ट्रायकरकडे आहेत दोन सेकंद. चांगला धावणारा खेळाडू थांबल्या जागेवरून दहा मीटर सुमारे दोन सेकंदांत कापतो, पंचवीस मीटरला त्याला जवळजवळ चार लागतात. सोबती पंचवीस मीटर मागे असेल तर तो येईपर्यंत चेंडू गेलेला असतो. दहा मीटरवर असेल तर बरोबरी होते. आणि चेंडू हवेत असतानाच त्याने धाव सुरू केली, तर तो बचावपटूच्या आधी पोहोचतो. ४-२-३-१ मधल्या ‘तीन’ची सगळी करामत एवढीच आहे, की त्यातला मधला स्ट्रायकरच्या दहा-बारा मीटरमध्ये राहतो. तोच संघ घाबरून मागे सरकला की हे तिघे मधल्या फळीत मिसळतात आणि रचना न सांगता ४-५-१ होते.

शहागडच्या वाचकांना हे चित्र चटकन दिसेल. गोदावरीच्या अलीकडे आपण, जालना जिल्हा, पलीकडे बीड. स्ट्रायकर गेवराईच्या काठावर आणि बाकीचा संघ शहागडच्या काठावर, असे झाले की मधला पूल महत्त्वाचा. पूल नसताना पलीकडच्याला हाका मारण्यात काय हशील?

आता ‘पळत का नाही’ या तक्रारीकडे येऊ. वरच्या दर्जाच्या सामन्यात मैदानी खेळाडू साधारण दहा ते बारा किलोमीटर चालतो-धावतो. त्यात मधल्या फळीतले सर्वांत पुढे असतात आणि स्ट्रायकर बहुधा मागे. पण गोल किलोमीटरने होत नाहीत. जर्मनीच्या बुंडेसलिगातल्या ३६० गोलांच्या चित्रफिती तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की गोलच्या ठीक आधी गोल करणाऱ्याची सर्वांत जास्त आढळलेली हालचाल म्हणजे सरळ रेषेतली वेगवान धाव. सुमारे ४५ टक्के गोलांत ती होती. यातल्या बहुतेक धावा चेंडू पायाशी नसताना घेतलेल्या होत्या.

अशा धावेचे इंधन वेगळे असते. पहिल्या काही सेकंदांत स्नायू फॉस्फोक्रिएटिन नावाचा साठा वापरतात. तो लगेच ऊर्जा देतो, पण असतो थोडाच. घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. नळ पूर्ण सोडला की पाणी धो धो येते आणि टाकी बघता बघता उतरते. खालची मोटर मात्र लहान, ती आपल्या गतीनेच भरणार. सहा सेकंद जीव तोडून धावले की या साठ्याचा मोठा हिस्सा संपतो. निम्मी भर व्हायला साधारण अर्धे ते एक मिनिट, आणि टाकी काठोकाठ व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. ज्याला तुम्ही ‘नुसता उभा’ म्हणता, तो पुष्कळदा टाकी भरत असतो. उलट, प्रेक्षकांच्या ओरड्याला भिऊन जो दर अर्ध्या मिनिटाला समोरच्या चार बचावपटूंमागे धावत सुटतो, त्याची टाकी खरी संधी येते तेव्हा रिकामी असते.

आणि अशा पाठलागातून हाती काही लागतही नाही. चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे मैदानभर पसरलेल्या चौघांमध्ये एकटा माणूस हरणारच. शेतात दारे धरणारा पाण्यामागे पळत नाही. तो एका बाजूला माती ओढतो आणि पाणी आपसूक हव्या त्या सरीत वळते. चांगला स्ट्रायकर तसाच वळसा घेऊन धावतो आणि एका बाजूचा पास बंद करतो. बचावपटूला दुसऱ्या बाजूलाच चेंडू द्यावा लागतो आणि तिथे मधली फळी टपलेली असते. यात धाव दहा मीटरची आणि फायदा पूर्ण संघाचा. अट एकच, बाकीच्यांना तो कुठली सर मोकळी ठेवतोय हे आधी ठाऊक पाहिजे.

आणखी एक गोष्ट मानेची आहे. नॉर्वेचे गाइर योर्डेट यांनी वर्षानुवर्षे खेळाडूंच्या माना मोजल्या आहेत. म्हणजे चेंडू पायाशी येण्याआधी कोण किती वेळा आजूबाजूला पाहतो, हे. जे जास्त पाहतात त्यांचे पुढच्या दिशेने दिलेले पास जास्त यशस्वी ठरतात, असे त्यांच्या निरीक्षणात आढळले. गोलकडे पाठ करून खेळणाऱ्यासाठी हे फार मोलाचे. त्याचे दोन सेकंद तेव्हाच पुरतात, जेव्हा चेंडू यायच्या आधी निर्णय झालेला असतो. ही सवय लावायला पैसा लागत नाही आणि तरी तिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

एकट्या स्ट्रायकरचे मोजमाप नुसत्या गोलांनी करायचे ठरवले तर २०१८चा विश्वचषक कोडे ठरेल. फ्रान्सने तो जिंकला. त्यांचा स्ट्रायकर ओलिव्हिए जिरू सातही सामन्यांत खेळला, गोल शून्य. गोलच्या दिशेने अचूक गेलेला फटकाही शून्य. याच स्पर्धेत त्याच्या आसपास खेळणाऱ्या ग्रीझमान आणि एम्बापे यांनी प्रत्येकी चार गोल केले. जिरू दोन बचावपटूंना अंगावर घेऊन उभा राहायचा, आलेला चेंडू अलगद बाजूला द्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे दोघे घुसायचे. १९९८ साली फ्रान्सने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला तेव्हाही त्यांचा स्ट्रायकर गिवार्श याने एकही गोल केला नव्हता. आपल्या गावच्या मैदानावर या दोघांना दुसऱ्या सामन्यात बसवले असते.

याउलट जागा रिकामी ठेवूनही काम होते. २ मे २००९ रोजी बार्सिलोनाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ६-२ असे हरवले, त्यात मेस्सी मध्ये स्ट्रायकरच्या जागी होता आणि सतत मागे सरकत होता. त्याच्या मागे जावे की जागा धरावी, हे बचावपटूंना ठरेना. हंगेरीच्या हिडेगकुटीने १९५३ साली वेम्बलीवर इंग्लंडला असेच चकवून तीन गोल केले होते. मात्र यासाठी रिकाम्या जागेत धावणारे साथीदार हवेत. ते नसतील तर मागे सरकलेला स्ट्रायकर म्हणजे फक्त आणखी एक मिडफिल्डर.

हे सगळे मोठ्यांचे झाले. शाळेत काय होते? विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावण्याचा उपक्रम सरकारने केला होता आणि कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या गावांतही फुटबॉल पोहोचले. लहान मैदानावर सात-सात जणांचा खेळ होतो आणि त्यातली सर्वांत प्रचलित रचना २-३-१. म्हणजे आपल्याकडच्या मुलांची सुरुवातच एकट्या स्ट्रायकरपासून होते. तिथे कोणाला उभे करायचे? वर्गातल्या सर्वांत उंच, दणकट मुलाला. मागच्यांना सूचना एकच, ‘त्याच्याकडे उंच मार’.

या निवडीत एक सापळा आहे. तेरा-चौदाव्या वर्षी उंच असलेला मुलगा बहुधा लवकर वयात आलेला असतो. तो समवयस्कांना अंगाच्या जोरावर मागे टाकतो, म्हणून मान वळवणे, अलगद पास देणे, वळसा घेणे हे शिकण्याची त्याला गरजच भासत नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी बाकीचे वाढून बरोबरीला येतात आणि तोवर त्याच्या पोतडीत दुसरे काही जमलेले नसते. उशिरा वाढणारा हुशार मुलगा तोपर्यंत कंटाळून घरी बसलेला असतो. सुनील छेत्रीची उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या चारचौघांइतकी. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने भारतासाठी ९५वा गोल केला, तोही हेडरने. एकाच मुलाला वर्षभर पुढे ठेवण्यापेक्षा सोळा वर्षांपर्यंत सगळ्यांना पाळीपाळीने सगळ्या जागांवर खेळवावे, असे माझे मत आहे.

शरीराचीही किंमत असते. झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात आणि स्नायूंचा ताण त्यांच्या टोकांवर येतो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखरा टेंगूळ येणे (डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात) किंवा टाच दुखणे, हे दहा ते पंधरा वर्षांच्या धावत्या-उड्या मारत्या मुलांत नेहमी दिसते. बहुतेक वेळा ते वाढ पूर्ण झाल्यावर थांबते; पण तोवर धावणे-उड्या कमी करणे हाच उपाय असतो, ‘मर्द बन’ हा नव्हे. लंगडणे, सूज किंवा रात्रीचे दुखणे असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

दुसरे डोके. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची माहिती तपासून २०१९ साली दाखवून दिले, की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा सुमारे साडेतीन पट होते. पुढे त्याच गटाच्या पाहणीत गोलरक्षकांमध्ये हा धोका विशेष वाढलेला दिसला नाही, बचावपटूंमध्ये सर्वाधिक दिसला. हे जुन्या काळचे व्यावसायिक खेळाडू होते, तेव्हा गावातल्या पालकांनी घाबरून चेंडू कपाटात ठेवू नये. पण अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद आहे आणि इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडर घेत नाहीत. मागून उंच चेंडू आणि पुढे एक डोके, ही रचना लहान मुलांसाठी खेळ म्हणूनही वाईट आणि आरोग्य म्हणूनही.

तिसरी मांडी. मागच्या बाजूचा हॅमस्ट्रिंग स्नायू दुखावणे ही अचानक वेगाने धावणाऱ्यांची खास दुखापत. युरोपातल्या अव्वल संघांच्या दीर्घ पाहणीत एकूण दुखापतींमधला तिचा वाटा दोन दशकांत १२ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. यावरचा एक व्यायाम तालमीतल्या कोणालाही पटेल असा आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि पाठ-मांडी एका रेषेत ठेवून अंग जितके हळू सोडता येईल तितके हळू पुढे सोडत न्यायचे. शेवटी हात टेकायचे. नॉर्डिक या नावाने तो ओळखला जातो. आठ हजारांहून अधिक खेळाडूंवरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की तो कार्यक्रमात असलेल्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. सुरुवातीला आठवड्यातून एकदा चार-पाच वेळा पुरे; पहिल्याच दिवशी तीस मारले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवणार नाही.

मराठवाड्यात या सगळ्यावर उन्हाची कडी. तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र धरून काढलेला निर्देशांक ३२ अंशांपुढे गेला तर फिफाच्या सामन्यांत पाण्यासाठी खेळ थांबवतात. २०१४च्या ब्राझील विश्वचषकाच्या अभ्यासात उष्ण सामन्यांत वेगवान धावा कमी झाल्या, पासची अचूकता मात्र वाढली, असे दिसले. म्हणजे कसलेले खेळाडूही उन्हात धावणे आवरते घेऊन जवळचे पास खेळतात. आपल्याकडे शालेय स्पर्धा पावसाळ्यात येतात, तेव्हा उकाडा दमट असतो आणि घाम वाळत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत पाणी द्यावे. डोके दुखणे, मळमळ, अडखळत चालणे दिसले की त्या मुलाचा खेळ तिथेच थांबवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. बरळू लागला तर वाट न पाहता दवाखाना.

क्रीडाशिक्षकांना करून पाहण्यासारखा एक सराव सांगतो. बारा मुले, एक चेंडू, चार विटा आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरे. अर्ध्या मैदानात स्ट्रायकर आणि त्याच्या पाठीशी एक बचावपटू उभे करा. मागून जमिनीलगत पास द्या. स्ट्रायकरने पास घेण्याआधी मान वळवून पाहिले पाहिजे. मागे उभा असलेला एक मुलगा बोटे दाखवेल, किती ते त्याने ओरडून सांगायचे. सोबत्याने पास निघताक्षणी धावायचे आणि स्ट्रायकरने पहिल्या किंवा दुसऱ्या स्पर्शातच चेंडू त्याला द्यायचा. बाकीची मुले वेळ मोजतील. सोबती आधी पंचवीस पावलांवर उभा करा, मग पंधरावर, मग दहावर. प्रत्येक अंतरावर दहा वेळा खेळवून किती चेंडू आपल्याकडे राहिले ते खडूने भिंतीवर लिहा आणि दर दोन मिनिटांनी स्ट्रायकर बदला. दहाव्या पावलावरचा आकडा पाहिल्यावर मधल्या फळीतली मुले आपणहून पुढे सरकू लागतील.